आयव्ही कुठं कापायची

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या वायव्य भागात, टेकड्यांच्या उतारांवर, फॉरेस्ट पार्क नावाचं सुमारे ५२०० एकरांचं जंगल आहे. डग्लस फर, हेमलॉक, रेड सीडर आणि मोठ्या पानांचे मेपल; त्यांच्या पायाशी गुडघ्याच्या वर येणारे नेचे आणि वसंतात ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुलं. जंगलाच्या कडेनं घरं आहेत, घरांना बागा आहेत, आणि या बागांमध्ये एकेकाळी हौसेनं लावलेली इंग्लिश आयव्ही कुंपण ओलांडून जंगलात शिरली आहे. ती जमिनीवर पसरली की नेचे आणि ट्रिलियम दिसेनासे होतात, झाडांची नवी रोपं उगवत नाहीत. बुंध्याला भिडली की वर चढते. १९९४ साली इथं ‘नो आयव्ही लीग’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि स्वयंसेवकांनी ती काढायला घेतली. आज हे काम जंगलापुरतं राहिलेलं नाही. पोर्टलंडमध्ये, बीव्हर्टनमध्ये, उत्तरेला सिअ‍ॅटलमध्ये सुट्टीच्या सकाळी गल्लीतली माणसं करवती घेऊन बाहेर पडतात आणि शेजारपाजारच्या झाडांवरच्या वेली कापतात. नोकरीनिमित्त या भागात स्थिरावलेली आमच्यासारखी मराठी माणसंही त्यांच्यात असतात.

काम चांगलं आहे, असं सगळेच म्हणतात. त्यानं काही फरक पडतो का, असं विचारलं की मात्र बरेच जण गप्प होतात. समोर डोंगरउतार भरून आयव्ही, आणि ती काढायला दहा-बारा माणसं. या वर्षी मोकळा केलेला तुकडा दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवा होतो. मग हा सगळा खटाटोप मनाच्या समाधानासाठीच आहे का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे, पण त्याला एक अट आहे. या कामाचं मोल उपटलेल्या वेलींच्या ढिगावर ठरवायचं नाही. वेल नेमकी कुठं कापली आणि कापल्यावर तिथं पुन्हा कोण गेलं, यावर ते ठरतं.

हे समजायला आयव्हीचं आयुष्य माहीत हवं. ती दोन अवस्थांत जगते. जमिनीवर सरपटते तेव्हा तिची पानं खाचांची, तीन-पाच टोकांची असतात. या अवस्थेत ती कितीही पसरली तरी फुलत नाही. झाडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर चढून उजेडात पोचली, काही वर्षं मुरली, की तिचं रूप पालटतं. पानांच्या खाचा जातात, फांद्या झुडपासारख्या बाहेर झेपावतात, शरद ऋतूत हिरवट पिवळ्या फुलांचे गेंद येतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस काळी फळं धरतात. रॉबिन आणि स्टारलिंगसारखे पक्षी ती खातात आणि बिया दूरवर टाकतात. म्हणजे जमिनीवरची आयव्ही इंचाइंचानं पुढं सरकते, तर झाडावरची पक्ष्यांच्या पोटातून मैलभर जाते. एकरभर जमीन पिढ्यानपिढ्या झाकून बसलेली वेल जेवढं नुकसान त्या एकराचं करते, त्याहून जास्त नुकसान एका मेपलवर चढलेली फळती वेल आसपासच्या सगळ्या परिसराचं करू शकते.

म्हणून आधी झाडं. जमिनीवरची आयव्ही नंतर, जमेल तशी.

एखाद्या जुन्या डग्लस फरपाशी उभं राहिलं की हे काम कसं चालतं ते कळतं. बुंध्याच्या तळाशी वेल एक नसते. पाच-सात खोडं एकमेकांत गुंतून वर गेलेली असतात. काही बोटाएवढी, काही मनगटाएवढी. त्यांच्या आतल्या अंगाला फुटलेली बारीक तपकिरी मुळं सालीच्या भेगांत घट्ट रुतलेली असतात. ही मुळं झाडाचा रस शोषत नाहीत, नुसती धरून ठेवतात; पण वर गेलेली वेल फांद्यांचा उजेड अडवते आणि वादळात तिच्या सदाहरित पानांच्या ओझ्यासकट झाड झुलतं. खांद्याच्या उंचीवर एकेक खोड कापायचं, बारीक असेल तर लॉपरनं, जाड असेल तर घडीच्या करवतीनं. करवत झाडाच्या सालीत शिरता कामा नये, म्हणून शेवटी हात अगदी हलका ठेवायचा. मग घोट्याजवळ दुसरा छेद. मधला तुकडा मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं उचकटत सालीपासून सोडवायचा. तो सुटताना वर्षांची साचलेली धूळ नाकातोंडात जाते, आणि चीक कातडीला लागला तर कुणाकुणाला पुरळ उठतं, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. शेवटी बुंध्याभोवती चार-पाच फुटांपर्यंतची जमिनीवरची वेल मुळासकट काढून टाकायची. आता बुंधा गोल, मोकळा दिसतो. वर राहिलेल्या वेलीला हात लावायचा नाही. ती खेचली तर साल सोलवटते, आणि वाळकी फांदी डोक्यात पडून माणूस जायबंदी होऊ शकतो. ती आपली आपण मरते. आधी पानं मरगळतात, मग तपकिरी पडतात, पुढं कितीतरी महिने वाळकं जाळं लोंबत राहतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, झाडच मेलं. नवशिक्या स्वयंसेवकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच: काम संपल्यावर झाड आधीपेक्षा वाईट दिसतं आणि ते तसंच सोडून घरी जायचं असतं.

एका झाडाला फार वेळ लागत नाही. शिडी नको, यंत्र नको, विषारी औषध नको. झाडाला वाढायला साठ-सत्तर वर्षं लागलेली असतात, आणि वेलीच्या फळांचा हंगाम त्या एका छेदानं बंद होतो. डोंगर मोकळा करणं दहा माणसांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण गल्लीतल्या सगळ्या मोठ्या झाडांभोवती असं कडं करणं दहा माणसांच्या नक्की आवाक्यात आहे, आणि ते झालं की त्या गल्लीतून आयव्हीच्या बिया बाहेर जायच्या थांबतात. ‘थोड्या माणसांनी काय होणार’ या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं उत्तर हे आहे.

दुसरा प्रश्न मात्र मनाला जास्त टोचतो. उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या एका आजींनी आमचं काम बघून विचारलं होतं, “अरे, हिरवंगार आहे ते, कशाला तोडता? त्याचाही जीवच की.” ज्या घरांत संध्याकाळनंतर तुळशीचं पान खुडत नाहीत, त्या घरांतून आलेला हा प्रश्न आहे आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न येतो. आम्ही स्वतः बाहेरून येऊन इथं रुजलेली माणसं. ‘ही वेल परदेशी, म्हणून काढा’ असं कुणी म्हटलं की आमच्यातल्या कुणाचाही हात क्षणभर थांबावा, आणि थांबायलाच हवा. कारण ते कारण खरोखरच चुकीचं आहे.

आयव्ही युरोपात मूळची आहे आणि तिथं ती कामाची वेल आहे. शरदात इतर फुलं संपत आली की तिच्या फुलांवर मधमाश्या, फुलपाखरं, माश्या गर्दी करतात. कोलेटीस हेडेरी नावाची एक एकांडी मधमाशी तर मुख्यतः तिच्याच परागावर जगते. ही मधमाशी २००१ साली ब्रिटनमध्ये पहिल्यांदा दिसली आणि लोकांनी तिचं स्वागत केलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जुन्या भिंतींचा अभ्यास करून दाखवलं की धडधाकट भिंतीला आयव्ही ऊन-थंडीच्या टोकांपासून वाचवते. तिथला माळी निरोगी झाडावरची आयव्ही सहसा कापत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता उलट बाजू पाहा. ज्या डग्लस फरला आम्ही इथं जीव लावून वाचवतो, तीच न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या उघड्या माळरानांवर मोठी डोकेदुखी झाली आहे. लागवडीतून सुटलेलं बी वाऱ्यावर उडून डोंगरमाथ्यावर रुजतं आणि तिथल्या गवताळ प्रदेशाचं बघता बघता अरण्य होतं. तिथले स्वयंसेवक डग्लस फरची रोपं उपटत हिंडतात. आणि वेलींचाच विषय आहे तर आपल्या तोंडलीचं काय? भातात घालतो, काचऱ्या करतो ती तोंडली हवाई बेटांवर घातक तण म्हणून सरकारी यादीत आहे. खाण्यासाठी कुणी तरी नेलेली ही वेल तिथल्या झाडांवर, कुंपणांवर, विजेच्या तारांवर अशी पसरली की तिला आवर घालायला १९९० च्या दशकात केनियातून तिचे शत्रू कीटक आणून सोडावे लागले. आपल्या परसात मांडवावर चढणारी तोंडली काही वाईट चालीची नाही. भारतात तिला खाणारे किडे आहेत, तिचे रोग आहेत, तिला दाटीवाटीनं टक्कर देणारे शेजारी आहेत. हवाईत त्यांतलं कुणीच नव्हतं.

तेव्हा वनस्पतीचा जन्म कुठला हा निकष होऊच शकत नाही. २०११ साली मार्क डेव्हिस आणि अठरा सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हेच मांडलं होतं: जातींना त्यांच्या मूळ स्थानावरून जोखू नका. त्यावर १४१ शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, आम्ही मूळ स्थानावरून जोखतच नाही, पण नव्या आलेल्या जातीचं नुकसान दिसायला अनेक दशकं लागतात, तोवर हात बांधून बसणं परवडत नाही. मला या वादात दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं पटतं. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या आयपीबीईएस या जैवविविधता मंचाचा २०२३ चा अहवाल सांगतो की माणसानं जगभर इकडून तिकडे नेलेल्या आणि तिथं रुजलेल्या जाती ३७,००० हून अधिक आहेत आणि त्यांपैकी घातक ठरलेल्या ३,५०० हून अधिक. म्हणजे दहांतल्या नऊ जातींनी कुणाचं काही बिघडवल्याची नोंद नाही. मिरची, पेरू, काजू, गुलमोहर यांना आपण कधी परके मानलं नाही, ते बरोबरच आहे. पण तोच अहवाल हेही सांगतो की जगात नामशेष झालेल्या वनस्पती आणि प्राण्यांपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत घातक आगंतुक जाती हे एकमेव किंवा इतरांच्या जोडीनं कारण होतं. दहावा भाग इतका भारी असेल तर त्याला नेमकं ओळखावं लागतं. सरसकट संशय इथं जितका निरुपयोगी, तितकंच सरसकट औदार्यही.

आजींना मी हेच सांगितलं: आयव्हीचा जीव इंग्लंडात सुखरूप आहे. या उतारावर मात्र ती राहिली तर पुढच्या पन्नास वर्षांत सीडरचं एक रोप उगवणार नाही.

ओळखण्याचं काम सोपं नाही आणि उत्साही माणसं इथंच चुका करतात. पश्चिम ओरेगनच्या जंगलात केशरी फुलांची हनिसकल ही इथलीच वेल आहे. हमिंगबर्ड तिच्यावर येतात. रानक्लेमॅटिसची एक जात इथली, आणि तिच्यासारखीच दिसणारी युरोपातली दुसरी जात झाडंच्या झाडं झाकून टाकणारी. पॉयझन ओक अंगाला लागली तर आठवडाभर खाज सोसवत नाही, पण तीही इथली आणि तिची फळं पक्षी खातात. ‘वेल दिसली की काप’ ही शिकवण घेऊन कुणी आलं तर त्याच्या हातून जंगलाचं भलं होण्याऐवजी वाटोळं होईल. पुण्या-मुंबईत असं काम करू पाहणाऱ्यांनाही हे लागू आहे. झाडावर चढलेली गुळवेल ही आपलीच, आणि आंब्यावरचं बांडगूळ झाडाचा रस पीत असलं तरी तेही आपलंच. त्याच्या फळांवर फुलटोच्या जगतो. बांडगूळ आमराईत काढावं लागतं, रानात त्याला सोडून द्यावं.

प्रश्न मोठा आहे हे दाखवण्यासाठी तो फुगवून सांगण्याचीही गरज नाही. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतली कुडझू वेल याचं बोलकं उदाहरण आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जपानच्या दालनातून ती लोकांसमोर आली. १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवण्यासाठी सरकारच्या मृदासंधारण खात्यानं तिची कोट्यवधी रोपं वाटली, लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत दिले. १९५३ मध्ये त्याच सरकारच्या कृषी खात्यानं तिची शिफारस मागे घेतली, १९७० मध्ये तिला तण ठरवलं. आज दक्षिणेतल्या हमरस्त्यांच्या कडेला ती झाडांवर चादर पसरल्यासारखी दिसते, आणि गाडीतून जाणाऱ्याला वाटतं की अख्खा प्रदेश तिनं गिळला. अमेरिकेच्या वनसेवेचा अंदाज मात्र जंगलातल्या सुमारे सव्वादोन लाख एकरांचा आहे, वर्षानुवर्षं सांगितल्या गेलेल्या सत्तर-नव्वद लाखांच्या आसपासही तो जात नाही. कुडझूला उजेड लागतो, म्हणून ती कडेला दिसते; दाट रानात तिचं चालत नाही. आयव्हीचं नेमकं उलटं: सावली तिला मानवते, आणि मेपलची पानगळ झाल्यावर हिवाळ्यातल्या मोकळ्या उजेडात ती वाढत राहते. त्यामुळे आतल्या रानात तिच्याइतकं नुकसान कुडझू करत नाही. भीती रस्त्यावरून दिसणाऱ्या वेलीची, आणि काम आतल्या वेलीचं, अशी गत व्हायला नको.

अशा वनस्पतीची दुबळी जागा कोणती, हे कळल्यावर काय होऊ शकतं याचा उत्तम दाखला भारतातच आहे. घाणेरी १८०९ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. त्यानंतर दोनशे वर्षं लोकांनी ती तोडली, जाळली, उपटली, आणि ती दर वेळी जोमानं परत आली. आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर ती आहे. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं निरीक्षण करून एक साधी गोष्ट पकडली. घाणेरी पुन्हा फुटते ती खोड आणि मूळ जिथं मिळतात त्या पट्ट्यातून. मग जमिनीखाली त्या पट्ट्याच्या थोडं खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उपटून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. खणायचं नाही, जाळायचं नाही. पण त्यांच्या पद्धतीचा अर्धा भाग पुढंच आहे: ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली घाणेरीची रोपं पुन्हा पुन्हा उगवतात, ती पुढची वर्षं वेचत राहायची आणि मोकळ्या जागी गवत, शेंगवर्गी झाडं लावायची. कॉर्बेटमध्ये ही पद्धत वापरली गेली. कुऱ्हाड तीच, माणसं तीच. फरक पडला तो कुठं तोडायचं हे कळल्यानं आणि परत जाण्यानं.

आपल्याकडच्या श्रमदानांत हा दुसरा भाग हटकून गळतो. गाजरगवत निर्मूलन सप्ताह होतो, फलक लागतो, फोटो निघतात, आणि पुढच्या पावसात त्याच जागी त्याच उंचीचं गवत उभं असतं. श्रमदान करणाऱ्यांच्या निष्ठेत काही खोट नसते. त्या जागेचं पालकत्व कुणी घेतलेलं नसतं, इतकंच. आयव्हीच्या कड्यातही जमिनीवरून पुढं सरकणारी वेल दोन-तीन वर्षांत पुन्हा बुंध्याला भिडते. म्हणून इथल्या जाणत्या गटांत नव्या माणसाला नवं झाड देण्याआधी मागच्या वर्षीच्या झाडांची फेरी मारायला लावतात. त्या फेरीत कष्ट कमी आणि फळ जास्त असतं, तरी तिला माणसं कमी येतात. तिथं उपटायला ढीगभर वेल नसते आणि दाखवायलाही काही नसतं.

पण सगळा भार स्वयंसेवकांवर टाकणंही मला मान्य नाही. आयव्ही आपणहून अटलांटिक ओलांडून आलेली नाही. ती विकली गेली, कमी देखभालीची हिरवळ म्हणून इमारतींच्या भोवती लावली गेली. ओरेगननं २०१० साली तिच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा ‘नो आयव्ही लीग’ला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत एका बाजूनं माणसं ती फुकट उपटत होती आणि दुसऱ्या बाजूनं रोपवाटिका ती पैसे घेऊन देत होत्या. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत आजही हेच चालू आहे. मुळा-मुठेतली जलपर्णी दरवर्षी यंत्रांनी काढली जाते आणि तिला पोसणारं सांडपाणी नदीत येतच राहतं, त्या कहाणीची ही बहीण. स्वयंसेवकांच्या कामाला मान द्यायचा तर आधी त्याच्या विरुद्ध चाललेला धंदा थांबवावा लागतो.

आणि पैसा. स्वयंसेवकांनी दिलेले तास शहरं अहवालात डॉलरमध्ये रूपांतरित करून दाखवतात. त्या आकड्याचा अर्थ ‘एवढे पैसे वाचले’ असा लावला जाऊ लागला तर मात्र धोका आहे. निसरड्या उतारावरची, दोरीला लटकून करायची, औषध लावून करायची कामं प्रशिक्षित, पगारी माणसांचीच आहेत. मोकळ्या केलेल्या जागी सीडर आणि नेचे लावून ती उन्हाळ्यात जगवण्यासाठी पाणी लागतं, माणूस लागतो, तीन-चार वर्षांची तरतूद लागते. स्वयंसेवकांनी गल्लीतली झाडं सांभाळावीत, आणि त्यांच्यामुळे सुटलेला पैसा नगरपालिकेनं आतल्या रानात घालावा. हे झालं नाही तर गल्लीतल्या चांगुलपणानं रानातल्या दुर्लक्षाला आडोसा मिळेल.

राहिली खासगी अंगणातली झाडं. शहरातली बरीचशी मोठी झाडं तिथंच आहेत, आणि परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, लावूही नये. दार वाजवून विचारावं लागतं. बहुतेक लोक हो म्हणतात. अनेकांना आयव्ही झाडाचाच भाग वाटत असते. पण दार न उघडणारी घरं, भाड्यानं दिलेली घरं, दूरच्या कंपनीच्या मालकीची घरं यांच्या झाडांवरची फळं पक्ष्यांना अडवत नाहीत. पोर्टलंडमध्ये २०१८ पासून घर विक्रीला काढताना त्याचं ऊर्जा-गुणांकन जाहीर करावं लागतं, कारण घराच्या भिंतींतून वाया जाणारी ऊर्जा ही मालकापुरती बाब नाही असं शहरानं ठरवलं. त्याच कागदावर आणखी एक ओळ घालता येईल: आवारातल्या मोठ्या झाडांवर आयव्ही चढलेली आहे का. असेल तर विकणाऱ्यानं ती कापून द्यावी, नाही तर घेणाऱ्यानं वर्षभरात कापावी. एका झाडाचा खर्च घराच्या किमतीत दिसणारही नाही, आणि घरं विकली जातील तसतशी एकेक गल्ली मोकळी होत जाईल. ज्या दारांवर आम्ही थाप मारून परत येतो, त्या दारांआडचीही.